लाभ

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
आजी माणसंही तशीच मोजायची.
माणसाला आकडा लावू नये, म्हणायची,
आकड्याला नजर असते.

नोटांची गोष्ट वेगळी.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
सिपोरा शालोम वाकरूळकर
ओल्या स्पंजावर बोट टेकवून
दुसऱ्यांचे पैसे मोजत राहिली.
अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या.
पुढे आधारच्या मशीनने तिला ओळखलंच नाही.
ती हसली.
ज्याने ओळखायचं तो काही अंगठा मागत नाही.

गुरुवारी संध्याकाळपासून फोन.
रूबेन, उद्या ड्यूटी इगतपुरीला की मनमाडला?
एलायझरभाऊ, गुडघा कसा आहे? रिक्षा पाठवते.
सॅमसन, धाकट्याला तेरा पुरी झाली ना? मग धाडून दे.
दहा पुरुष भरले तर प्रार्थना,
नऊ भरले तर नुसतंच जेवण.
आमचं सिनेगॉग म्हणजे तिची बाहेरची खोली,
फ्रीज भिंतीकडे ढकलून केलेली जागा.

ती स्वतः त्या दहांत नव्हती.
मीही नाही.
आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात,
काळ्या मनुकांच्या सरबताचा तांब्या धरून.
मनुका पिंपळगावच्या.
ती ओठांतल्या ओठांत: लाभ, दोन, तीन...
आठपाशी थांबायची.
जिन्यात चप्पल वाजायची.
नऊ.
मग आम्ही दोघी श्वास धरून.

गायधनींचा पोरगा बिटकोत तापाने फणफणला
तेव्हा तिने एलियाहू हन्नाबीला नवस बोलला,
आणि पोरगा घरी आल्यावर
परातभर मलिदा: पोहे, गूळ, ओलं खोबरं,
वर गुलाबाच्या पाकळ्या.
सगळ्या बिल्डिंगने खाल्ला.
गायधनीकाकू अजून सांगतात,
सप्तशृंगीने आणि सिपोराबाईंच्या त्या बाबाने,
दोघांनी मिळून वाचवला.

सगळं जग पापं धुवायला रामकुंडावर येतं.
आम्ही नव्या वर्षाला दसकच्या घाटावर जायचो,
तिथे गर्दी नसते.
ती गोदावरीवर पदर झटकायची, तीनदा.
एकदा वेलदोड्याचं साल पडलं, एकदा शर्टाचं बटण.
एवढंच? मी विचारलं.
तुझ्या आजोबांना जे बोलले ते पाण्यात दिसत नाही.
मग घाटाच्या पायरीवर बसून चपलेतला खडा काढत,
गावाचं नाव बघ, दसक.
इथे तरी दहा कमी पडत नाहीत.

एकेक करत लोक गेले. लोद, दिमोना, अश्दोद.
मराठीतून पत्रं यायची:
इथे कोथिंबीर मिळते, अळू मिळत नाही.
तिलाही कागद आले होते.
मी गेले तर फोन कोण करणार?
कागद फडताळात, रॉकेलच्या जुन्या कार्डाखाली.

मंगळवारी नेली तिला.
कब्रस्तानात शंभरावर माणसं.
प्रेसमधल्या निवृत्त बाया,
तीन रिक्षावाले, गायधनी अख्खं कुटुंब,
मनुकांचा बोहरी व्यापारी.
मी मोजलं, तिच्यासारखं, ओठांतल्या ओठांत.
शंभरांत नऊ.
रूबेनची गाडी लासलगावला उभी.
ठाण्याहून आलेले हजान म्हणाले, थांबू या,
दहाव्याशिवाय कद्दिश नाही.

थांबलो. ऊन चढत होतं.
कुणाला फोन लावता येईल म्हणून
तिची डायरी उघडली.
शेवटच्या पानावर, माझ्या वेळी,
आणि खाली नावं, पुढे नंबर, गाड्यांच्या वेळा.
एलायझरभाऊंवर काट.
सॅमसनवर काट, बाजूला लोद.
धाकट्याचं नाव दोनदा लिहिलेलं.
तळाशी, सगळ्यांना जेवून पाठव, तिखट कमी.
वर, एकच्या जागी, लाभ.
त्याच्यापुढे माझं नाव.

चुकून लिहिलं असेल.
शेवटी शेवटी ती मला आईच्या नावाने हाक मारायची.
हजानना मी पान दाखवलं नाही.

गायधनीकाकू पाण्याची बाटली घेऊन आल्या.
किती गं यायचे अजून?
एकच, म्हणायचं होतं.
तोंडातून आलं, लाभ.